सांगलीत भाड्याचा फ्लॅट आणि गाडीची जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या १८ फ्लॅटच्या अपार्टमेंटचं सेक्रेटरीपद गेली काही वर्षं माझ्याकडं आहे. त्याआधी २०१९ च्या महापुरापर्यंत मी गावभागात भाड्यानं राहत होतो. त्यामुळं भाडेकरूची आणि सेक्रेटरीची अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. घर बघायला येणारी माणसं ओटा बघतात, नळ सोडून बघतात, गॅलरीत उभी राहून वारा येतो का बघतात. पार्किंगमधून मात्र जाताना एकदा आणि येताना एकदा चालत जातात, थांबत नाहीत. मग महिन्याभरात माझ्या दारात पहिली तक्रार येते ती गाडी लावण्याचीच. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

फोनवर चौकशी करताना पार्किंगबद्दल काय विचारावं?

चार गोष्टी विचारा. जागा ठरलेली आहे का, तिला नंबर आहे का, वर छत आहे की उघड्यावर आहे, आणि आत्ता त्या जागेत कोण गाडी लावतं? यातला शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. फ्लॅट चार-सहा महिने रिकामा असला की शेजारच्यांची दुसरी गाडी त्या जागेत येऊन बसते. कुणी हरकत घेत नाही, म्हणून ती तिथंच राहते. तुम्ही सामान घेऊन आल्यावर त्यांना गाडी काढायला सांगणं म्हणजे पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी वाकडं. हे काम घरमालकानं तुम्ही येण्याआधी करून ठेवायचं असतं. "जागा मोकळी करून द्या, मग टोकन देतो," असं सरळ सांगा. त्यात संकोच नको.

जाहिरातीत "पार्किंग उपलब्ध" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

विचारल्याशिवाय काहीच अर्थ घेऊ नका. कुणाच्या लेखी ती इमारतीखालची नंबर टाकलेली जागा असते, तर कुणाच्या लेखी कंपाउंडच्या आत जो आधी येईल त्याची मोकळी पट्टी. काही जणांना फक्त दुचाकीची जागा म्हणायची असते. आणि बऱ्याचदा गेटबाहेरच्या रस्त्यालाच पार्किंग म्हटलेलं असतं. "लावा की कुठंही, कोण काय म्हणत नाही," असं उत्तर मिळालं तर तुमच्यासाठी जागा ठेवलेली नाही हे समजून चाला. माणूस खोटं बोलतोय असं नसतं. त्याच्याकडं स्वतःची गाडी नसते किंवा तो पुण्यात राहतो, त्यामुळं खाली रात्री काय होतं हे त्यानं पाहिलेलंच नसतं.

जागा बघायला कोणत्या वेळी जावं?

रात्री साडेनऊनंतर. घर दिवसा उजेडात बघा, पार्किंग मात्र रात्री. सकाळी अकराला अर्ध्या गाड्या ऑफिसला, कुपवाडच्या एमआयडीसीला, मिरजेच्या दवाखान्यांकडं गेलेल्या असतात. तेव्हा कुठलंही पार्किंग ऐसपैस दिसतं. रात्री दहाला त्याच जागेत खांबाला टेकून दोन बुलेट, जिन्याच्या तोंडाशी सायकली आणि गेटच्या आत आडवी लावलेली एक गाडी दिसेल. त्या आडव्या गाडीच्या काचेवर मोबाईल नंबर चिकटवलेला आहे का बघा. असेल तर इथं रोज कुणीतरी कुणाला तरी फोन करून गाडी काढायला लावतं हे उघड आहे.

शक्य झालं तर पावसात एक चक्कर मारा. उतार कुठं आहे आणि पाणी कुठं साठतं, हे पाचच मिनिटांत दिसतं.

माझी गाडी त्या जागेत बसेल का, हे कसं ओळखू?

टेप घेऊन जा. अंदाजानं ठरवू नका, कारण रिकामी जागा डोळ्याला नेहमी मोठी दिसते.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर जागा धरलेली आहे. फुटात सांगायचं तर मोटारीला साधारण सव्वाआठ बाय साडेसोळा. नव्या इमारतीत हे माप बहुधा मिळतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारती मारुती ८०० च्या काळातल्या. तिथं खांबांमधलं अंतर तुम्हालाच मोजायला लागेल.

आता गाड्यांची मापं बघा. वॅगन आरची रुंदी १.६२ मीटर, क्रेटाची १.७९ च्या आसपास, स्कॉर्पिओ एनची १.९२ च्या आसपास. कंपनी जी रुंदी छापते त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. समजा दोन खांबांमध्ये ४.४ मीटर जागा आहे आणि तिथं दोन गाड्या लावायच्या आहेत. दोन्ही वॅगन आर असतील तर तिन्ही फटी साधारण ३९ सेंटीमीटरच्या राहतात, म्हणजे अंग चोरून बाहेर येता येतं. दोन्ही क्रेटा असतील तर फट २७ सेंटीमीटरवर येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उतरता येत नाही. आमच्याकडं एका भाडेकरूच्या आई रोज गेटपाशीच उतरायच्या आणि मुलगा मग गाडी आत नेऊन लावायचा. पावसाळ्यात त्या छत्री धरून तिथंच उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

फक्त जागेचंच माप घेऊन भागत नाही. गेटची रुंदी, गेटसमोरचा रस्ता आणि आत वळायला किती जागा आहे तेही बघा. गेटसमोर महावितरणचा खांब असेल तर लांब गाडी एका दमात वळत नाही. उतार तीव्र असेल तर सेडानचं पोट घासतं. वर कॅरियर असेल तर बीमची उंची मोजा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःची गाडी घेऊन जा आणि घरमालकासमोर आत लावून, पुन्हा बाहेर काढून दाखवा. शेजारच्या जागेत गाडी असताना हे करायचं, म्हणून रात्रीचीच वेळ.

मान वर करूनही एकदा बघा. पार्किंगच्या छताला बाथरूमचे पाइप लटकलेले असतात. एखाद्या जोडातून थेंब पडत असेल तर खालच्या फरशीवर पांढरट गोल डाग दिसतो. तो डाग नेमका तुमच्या बॉनेटच्या जागी असेल तर रंग गेलाच म्हणून समजा. आणि मग खाली बघा : जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तुमच्या जागेत आहे का? असेल तर टाकी धुताना, मोटर बिघडली की, टँकर आला की प्रत्येक वेळी गाडी काढायला तुम्हालाच हाक येणार.

एकामागे एक गाड्या लावायचं पार्किंग घ्यावं का?

दोन्ही गाड्या एकाच घरातल्या असतील तर खुशाल घ्या. मागची गाडी परक्याची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : घेऊ नका. दोघांच्याही वेळा जुळत असतील आणि चावी एकमेकांकडं ठेवायची तयारी असेल तर वेगळं. रात्रपाळीचे डॉक्टर, नर्स, पहाटेची रेल्वे पकडायला मिरज जंक्शनला जाणारी माणसं यांनी तर विचारही करू नये. असं पार्किंग किती महागात पडू शकतं, हे खाली पुराच्या उत्तरात सांगितलं आहे.

सांगलीत कुठल्या भागात पार्किंगची सोय बरी?

सरसकट उत्तर देता येत नाही, पण भागाभागांचा स्वभाव सांगतो.

गावभाग, खणभाग, हरभट रोड, गणपती पेठ हा जुना भाग. बोळ अरुंद, वाडे जुने, आणि वाडा पाडून झालेल्या इमारतींचे प्लॉट लहान. बाजार, देऊळ, शाळा सगळं पायी, त्यामुळं ज्यांच्याकडं फक्त दुचाकी आहे त्यांना इथं राहणं सुखाचं आहे. मोटार असेल तर आधी जागा बघा, मग घर. सणासुदीत या पेठांत गाडी घरापर्यंत नेणंच अवघड होतं.

विश्रामबाग, वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजचा परिसर, शंभर फुटी रोड, वानलेसवाडीकडचा भाग इथं रस्ते रुंद आहेत आणि नव्या इमारतींना खाली पूर्ण मजलाभर पार्किंग असतं. भाडं त्या मानानं जास्त. कॉलेजच्या जवळ असाल तर विद्यार्थ्यांच्या दुचाकींचा भार धरून चाला. चार मुलं एका फ्लॅटमध्ये म्हणजे चार गाड्या.

मार्केट यार्डाच्या आसपास घर घेताना हळदीच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढं, एकदा बघून या. ट्रकांच्या रांगा लागल्या की आतल्या गल्लीतून गाडी काढायला वेळ लागतो.

संजयनगर, अभयनगर, कुपवाड आणि महापालिकेच्या हद्दीतल्या गुंठेवारी वसाहतींमध्ये घरं परवडतात, माणसं शेजारधर्म पाळतात. पण कित्येक गल्ल्या अशा आहेत की एक मोटार उभी राहिली की दुसरी जात नाही. तिथं आवारात जागा असलेलं घरच शोधा.

शामरावनगरमध्ये मी स्वतः घरं बघितली आहेत. प्लॉट मोकळे, इमारती चांगल्या, पण काळी माती आणि सखल भाग. पावसाचं पाणी आठवडा आठवडा हटत नाही अशा गल्ल्या तिथं आहेत. फ्लॅट बघताना शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडं बघा. त्यात पाणवनस्पती माजली असेल तर पावसाळ्यात तुमच्या पार्किंगचं काय होतं हे कळतं.

पुराचं पाणी पार्किंगमध्ये येईल का?

सांगलीत हा प्रश्न टाळून घर घेता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर इथल्या प्रत्येक जुन्या माणसाला तोंडपाठ आहेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

पाणी सगळीकडं एकदम येत नाही. सूर्यवंशी प्लॉट, आरवाडे प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडचा काही भाग हे सगळ्यात आधी. सांगलीवाडीला नदीचा वेढा. पातळी वाढत गेली की गावभाग, मारुती चौक, गणपती पेठ, स्टेशन चौकाकडचा भाग. विश्रामबाग आणि मिरजेकडची बाजू उंचावर आहे.

तेव्हा घरमालकाला मोघम "पूर येतो का?" असं विचारू नका. "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं आणि २०२१ ला कुठवर?" असं वर्ष घालून विचारा. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हेच विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पुष्कळ भिंतींवर ती रेघ अजूनही दिसते, खाली रंग मातकट आणि वर मूळचा. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असला तरी गाडी तळमजल्यावरच राहते.

२०१९ ला आम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर होतो. आयर्विनला ४३ फूट झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी गाडी विश्रामबागेत एका मित्राच्या दारात नेऊन लावली. आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या भाडेकरूलाही गाडी काढायची होती. त्यांच्या गाडीच्या मागं दुसऱ्या कुणाची तरी गाडी होती, आणि तिची चावी मालकासोबत पुण्याला. चौघांनी मिळून ढकलायचा प्रयत्न केला. गाडी गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरून खाली बघितलं तेव्हा दोन्ही गाड्यांची फक्त टपं दिसत होती. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर गाळ, आणि तो वास पुढं कितीतरी दिवस नाकातून जात नव्हता. म्हणून मी एकामागे एक पार्किंगबद्दल इतकं ठासून सांगतो.

सखल भागात राहणारच असाल तर दोन गोष्टी आधी ठरवून ठेवा. एक, पाणी ४० फुटांकडं निघालं की गाडी कुणाच्या दारात न्यायची, त्या माणसाला आत्ताच विचारून ठेवा. सगळे एकाच रात्री निघाले की मिरज रोडला लावायला जागा उरत नाही. दुसरं, विमा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान बहुतेक वेळा इंजिन प्रोटेक्ट हे जोडकवच घेतलं असेल तरच मिळतं. आणि पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही स्टार्टर मारून बघू नका. गॅरेजपर्यंत ओढूनच न्या.

बंगल्याचा वरचा मजला घेतला तर पार्किंगचं काय?

बरेचदा हे अपार्टमेंटपेक्षा चांगलं पडतं. खाली काका-काकू राहतात, वरचा मजला भाड्यानं, आवारात एक गाडी मावते. फक्त ती एक जागा कुणाची हे ठरवून घ्या. मुलगा दिवाळीला पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येतो, तेव्हा तुमची गाडी बाहेर जाते. चार दिवसांचा प्रश्न असतो, आधी बोलणं झालं असेल तर कुणालाच वाईट वाटत नाही. गेटची चावी तुमच्याकडं हवी. रात्री उशिरा येणार असाल तर तेही आधी सांगा. लोखंडी गेटचा आवाज खाली झोपलेल्या माणसाला फार मोठा वाटतो.

अपार्टमेंट आणि सोसायटी यात पार्किंगच्या बाबतीत काही फरक आहे का?

आहे. सांगलीत बऱ्याच इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. त्यांचं घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन असतं आणि कोणत्या फ्लॅटला कुठलं पार्किंग ते बहुधा त्यात लिहिलेलं असतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जागावाटप संस्था आपल्या उपविधींप्रमाणं करते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की इमारतीखालची स्टिल्टची, म्हणजे खांबांमधली मोकळी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक आहे. त्यामुळं "मी पार्किंग विकत घेतलंय" असं घरमालक म्हणाले तरी संस्थेच्या दप्तरात काय आहे तेच बघा. नव्या इमारती असतील तर काम सोपं आहे, कारण २०२४ पासून महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, बिल्डरांना विक्रीकरारासोबत पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण देणं बंधनकारक केलं आहे. ते एक पान बघायला मागा.

भाडेकरू म्हणून तुमचा कायदेशीर संबंध घरमालकाशी असतो, संस्थेशी नाही. तरीही टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरीला भेटा. "अमुक नंबरच्या फ्लॅटला कुठलं पार्किंग आहे, आणि भाडेकरूला ते वापरता येतं ना?" इतकंच विचारायचं. मला असं विचारायला आलेला माणूस आवडतो. पुढं अडचण आली तर त्याच्या बाजूनं बोलायला मलाही जागा राहते.

सहकारी संस्थेत फ्लॅट भाड्यानं दिला की घरमालकाला बिनभोगवटा शुल्क लागतं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे कुणी भरायचं ते भाडं ठरवतानाच बोलून घ्या.

करारात पार्किंगबद्दल काय लिहायचं?

तयार नमुन्यात फ्लॅटचं वर्णन असतं, पार्किंगचा उल्लेख बहुधा नसतो. तोंडी शब्दावर राहू नका. असं वाक्य घालून घ्या (लायसन्सी म्हणजे भाडेकरू) :

"सदर फ्लॅटसोबत तळमजल्यावरील छताखालील पार्किंग क्रमांक ७ ही जागा एक चारचाकी व एक दुचाकी वाहन लावण्यासाठी कराराच्या संपूर्ण मुदतीत लायसन्सी यांना दिली आहे. या जागेचे शुल्क मासिक रकमेत समाविष्ट आहे. सदर जागा मुदतीत इतर कोणासही वापरण्यास दिली जाणार नाही."

नंबर नसेल तर "जिन्याच्या उजव्या हाताची, पाण्याच्या टाकीशेजारची जागा" असं लिहा. मोबाईलवर फोटो काढून घरमालकांना पाठवून ठेवा. इतकं का करायचं? भाडे नियंत्रण कायद्यात घरमालकानं तोडू नयेत अशा अत्यावश्यक सेवांची जी यादी आहे, त्यात पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, स्वच्छता आहे. पार्किंग नाही. त्यामुळं तुमचा आधार फक्त करारातलं ते वाक्य.

करार ११ महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला, असं घरमालक म्हणतात. खरं आहे का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. हे घरमालकांना नम्रपणे सांगितलं की बहुतेक जण तयार होतात, कारण नोंदणीत त्यांचंही हित आहे. नुसत्या स्टँपपेपरवरची नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीला खर्च किती येतो?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं महिना १०,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत ११ महिने. भाडं झालं १,१०,०००, व्याज साधारण ४,५८३. एकूण १,१४,५८३ वर ०.२५ टक्के म्हणजे २८६ रुपये आणि काही पैसे, म्हणजे ३०० च्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. म्हणजे हरिपूर, माधवनगर किंवा बुधगावला घर घेतलं तर फी निम्मी. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, त्याची फी वेगळी. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे.

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला द्यायचं कामही तेव्हाच उरकून घ्या.

आमच्याकडं फक्त दुचाकी आहे. तरी एवढं बघायला हवं का?

छत बघा, जिन्याखालची जागा रात्री बंद होते का बघा, आणि इतरांनी हँडल लॉक लावल्यामुळं तुमची गाडी रांगेत अडकणार नाही ना ते बघा. एवढं पुरे.

इलेक्ट्रिक स्कूटर आहे. चार्जिंगचं कसं?

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत फार येतो. बॅटरी काढता येत असेल तर वर नेऊन चार्ज करा. काढता येत नसेल तर तुमच्या जागेपाशी तुमच्याच फ्लॅटच्या मीटरवरून पॉइंट हवा. पार्किंगच्या सामाईक दिव्याच्या लाइनवरून पॉइंट घेऊ नका. ते बिल सगळ्यांचं असतं आणि तिथली वायरही त्या भाराची नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडलेलं मी बघितलं आहे, आणि त्याच रात्री पावसात ते ओढून घ्यायला लावलं आहे. वायरिंगचा खर्च कुणी करायचा आणि घर सोडताना पॉइंट कुणाचा, हे करारातच लिहा. अपार्टमेंटची लेखी परवानगी घ्या. चांगला वायरमन आणि अर्थिंग यात काटकसर नको.

गाडी एमएच ११ किंवा केए पासिंगची आहे. काही अडचण?

साताऱ्याची गाडी सांगलीत लावायला काहीच हरकत नाही. मात्र पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्नाटक पासिंगची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवणार असाल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो.

माझ्या जागेत दुसऱ्यानं गाडी लावली तर?

आधी त्या माणसाशी बोला, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी, शांतपणे. पुष्कळदा पाहुण्याची गाडी असते. तिसऱ्यांदा झालं तर घरमालकाला लेखी कळवा, सोबत फोटो आणि तारीख. घरमालकानं सेक्रेटरीला पत्र द्यायचं. टायरची हवा सोडणं, गाडीमागं स्वतःची गाडी लावून अडवून ठेवणं, असलं काही करू नका. सकाळी त्याच माणसाला आई-वडिलांना घेऊन दवाखान्यात जायचं असेल. आम्ही आमच्याकडं खांबांवर फ्लॅट नंबर आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले, तेव्हापासून अशा तक्रारी फार कमी झाल्या. तुमच्या इमारतीत पट्टे नसतील तर मीटिंगमध्ये तेवढी सूचना घरमालकाकरवी मांडा.

पार्किंग नसलेला फ्लॅट फारच आवडलाय. जवळपास वेगळी जागा भाड्यानं घेता येईल का?

येते. बंगल्यांच्या आवारात किंवा मोकळ्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्यानं गाडी लावू देणारी माणसं आहेत. पायी पाच मिनिटांच्या आत असेल तरच घ्या. त्याहून लांब असेल तर पावसाच्या पहिल्या आठवड्यातच गाडी दारासमोर रस्त्यावर यायला लागते. दोन ओळींचं पत्र करून घ्या, पैसे ऑनलाइन द्या. आणि हे भाडं फ्लॅटच्या भाड्यात मिळवून मगच दुसऱ्या पार्किंगवाल्या फ्लॅटशी तुलना करा.

घर सोडताना पार्किंगबाबत काही करायचं असतं का?

जागा झाडून द्या. तेलाचा डाग पडला असेल तर लाकडाचा भुसा टाकून, साबणानं घासून काढा. या एका डागावरून डिपॉझिटमधून पैसे कापलेले मी पाहिले आहेत. गेटची चावी, रिमोट, स्टिकर परत करा आणि परत केल्याचा मेसेज घरमालकांना पाठवा. शेवटच्या दिवशी सामानाचा टेम्पो येणार असेल तर आदल्या रात्री शेजारच्या दोन गाड्यावाल्यांना सांगून ठेवा, म्हणजे सकाळी टेम्पो थेट जिन्यापर्यंत लागतो.